यादीतला पाहुणा

"तुम्ही गल्फमध्ये काय करत होता?" असं कोणी विचारलं की मी सांगते, "खोके बांधत होते." समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला बँक वाटलेली असते, निदान एखादं विमानाचं ऑफिस. मग आमचे हे घाईघाईने सावरून घेतात, "कार्गो कंपनीत होती हो, बुकिंग काउंटरला." काउंटर होतं हे खरं, पण खोकेही मीच बांधायचे. माझ्यासारखा खोका सगळ्या रोल्लात दुसऱ्या कोणाला बांधता येत नव्हता, आणि साठी उलटल्यावर आता हे सांगायला मी कशाला लाजू?

रोल्ला म्हणजे शारजातला जुना बाजार. त्र्याण्णव साली आम्ही तिथे राहायला गेलो, तेव्हा घराच्या खिडकीतून साड्या, घड्याळं आणि बॅगा विकणारी सतरा दुकानं दिसायची. अठरावं आमचं, डोअर-टू-डोअर कार्गोचं. मुलगी शाळेत गेली की मला घर खायला उठायचं, म्हणून महिनाभरासाठी म्हणून मी तिथे जाऊन बसले आणि अकरा वर्षांनी उठले.

धंदा सोपा आहे. तुम्ही सामान आणायचं. आम्ही ते तुमच्यासमोर खोक्यात भरायचं, वजन करायचं, बोटीने मुंबईला पाठवायचं, तिथे कस्टममधून सोडवायचं आणि आमच्या माणसाने ते थेट तुमच्या गावच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवायचं. किती दिवस लागतील, असं विचारलं की आम्ही चार आठवडे सांगायचो. लागायचे आठ. मधल्या चार आठवड्यांना आमच्याकडे इन्शाल्ला म्हणत.

खोका भरण्याचं एक शास्त्र आहे. तळाला ब्लँकेट, त्यावर दूध पावडरचे डबे, डब्यांच्या फटींत साबणाच्या वड्या, काचेची वस्तू टॉवेलात गुंडाळून मधोमध, वर कपडे. मग खोका दोन्ही हातांनी हलवून कान लावायचा. आतून जरासा जरी आवाज आला तरी सगळं उपसून पुन्हा भरायचं. गिऱ्हाइकं कुरकुरायची, "भाभी, खलास करो ना." मी खलास करत नसे.

आमच्या धंद्यातली खरी वाचण्यासारखी गोष्ट म्हणजे यादी. गल्फमधल्या माणसाचा खोका एकट्या बायकोसाठी कधीच नसतो, त्यात अख्खं खानदान बसलेलं असतं. म्हणून प्रत्येक वस्तूपुढे ती कोणासाठी आहे ते लिहायचं, म्हणजे गावी खोका उघडल्यावर मारामाऱ्या होत नाहीत. माल पोचला की आमचा माणूस पावतीवर सही आणायचा. त्या पावतीत एक रकाना होता, 'घेणाऱ्याचं पाठवणाऱ्याशी नातं'. तो कोणी आणि का छापला होता देव जाणे, पण मी परत आलेल्या पावत्यांतला तो रकाना आधी वाचायचे. एकीत लिहून आलं होतं, 'बायको, पण सध्या बोलत नाही.' दुसरीत, 'सासरा, वस्तू पसंत नाही.' एका गृहस्थांनी गावी चक्क कमोड पाठवला होता. पाणी विहिरीवरून यायचं, कमोड बसवणार कुठे? त्यांच्या आईने त्यात अबोली लावली. पावतीवर सही करताना तिने निरोप दिला, 'कुंडी छान आहे, आणखी एक पाठव.' त्यांनी पाठवलासुद्धा.

या सगळ्या याद्यांतली एक यादी मला वर्षानुवर्षं छळत होती. ती हसनभाईंची.

हसनभाई रायगडचे, श्रीवर्धनच्या पुढे खाडीकाठच्या एका गावचे. शारजाच्या खाडीत ज्या लाकडी लाँचा लागतात, त्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. अबोल माणूस, हाताला कायम डिझेलचा वास. वर्षातून दोनदा खोका पाठवायचे. यादी अशी: अम्मा, दोन गाऊन आणि गुडघ्याचं तेल. बहीण, ड्रेसचं कापड. मोठा भाऊ, घड्याळ. आणि शेवटी न चुकता: पाहुणा, अत्तराची एक बाटली, उदबत्ती, खजूर, पांढरी चादर.

पहिल्या वर्षी मला वाटलं, आला असेल कोणी पाहुणा. दुसऱ्या वर्षीही पाहुणा होताच. पाचव्या वर्षी मला राहवेना. मी म्हटलं, "हसनभाई, तुमचा हा पाहुणा जाणार कधी?"

"तो कुठं जातो, ताई," ते म्हणाले. "हाय आपला."

"जावई आहे का घरजावई?"

हसनभाई नुसते हसले. माझी खात्री पटली की यांच्या घरी कोणीतरी ऐतखाऊ बसला आहे, रोज अत्तर लावून खजूर खातो आहे आणि हा बिचारा वाळवंटात इंजिनं खोलतो आहे. मी आमच्या ह्यांच्यापाशीही त्या पाहुण्याला दोन-चार शिव्या घातल्या. मुलगी म्हणाली, "Mummy, it's not your business." तिला काय माहीत, माझा बिझनेसच तो होता.

माझं दुसरं लाडकं गिऱ्हाईक म्हणजे मिस फिलोमिना. त्या जवळच्याच एका शाळेत संगीत शिकवायच्या. पन्नाशीच्या, फुलाफुलांचा फ्रॉक, हातात छत्री, ऊन असो नसो. लग्न केलं नव्हतं. त्यांचं घराणं मूळचं गोव्याचं, पण आजोबा कराचीला गेले आणि तिथेच राहिले, त्यामुळे मिसचा पासपोर्ट पाकिस्तानचा आणि मावशी म्हापशात. कराचीहून म्हापशाला धड पत्रही पोचत नसे, पण शारजाहून आमचा खोका बिनबोभाट पोचायचा. दर डिसेंबरात त्या मावशीला केक पाठवायच्या. माझ्याशी हिंदी आणि कोकणी अशी मिसळून बोलायच्या की अर्धं मला आपोआप कळायचं.

अठ्ठ्याण्णव साली हसनभाईंचा एक खोका मुंबईच्या गोदीत भिजला. आत अत्तराची बाटली फुटली, चादर खराब झाली. आता नुकसानीचा अर्ज भरायचा, तर त्यात प्रत्येक वस्तू कोणासाठी होती त्याचं पूर्ण नाव लागतं. गुरुवारची दुपार होती. मिस आपला खोका घेऊन रांगेत उभ्या होत्या. मी पेन उघडलं आणि म्हटलं, "हसनभाई, आता सुटका नाही. पाहुण्याचं पूर्ण नाव सांगा."

"नाव कुणाला ठाव?" हसनभाई म्हणाले. "तो मेलेला हाय, ताई."

मी पेन बंद केलं. मग ते काउंटरला टेकून बोलले. पाच वर्षांत बोलले नव्हते तेवढं त्या दिवशी बोलले.

एकाहत्तरचं युद्ध चालू होतं. हसनभाईंचे वडील तांडेल, म्हणजे गलबताचे कप्तान. सौराष्ट्रातून मीठ भरून घरी निघाले होते. वाटेत समुद्रात त्यांना एक माणूस तरंगताना दिसला. गलबतावर ओढून घेतला तेव्हा तो मेलेलाच होता. अंगावर हवाई दलाचे कपडे, पण आपल्याकडचे नव्हेत. खलाशी म्हणाले, शत्रूचा आहे, परत सोडून देऊ. तांडेल म्हणाले, "माझ्या गलबतावर जो चढला तो माझा खलाशी. खलाशाला मी वाटेत टाकीत नाय." त्यांनी त्याला मिठात ठेवला आणि गावी आणला.

गावात वाद झाला. ज्याने बॉम्ब टाकले त्याला आपल्या मातीत का म्हणून? फौजदार येऊन पंचनामा करून गेले, कागदपत्र काही सापडलं नाही, पुरून टाका म्हणाले. लढाईत गेलेल्याला आंघोळ घालत नाहीत, असं मौलवींनी सांगितलं, म्हणून शिडाच्या कापडात गुंडाळून अंगावरच्या कपड्यांसकट त्याला कबरस्तानात पुरलं. पोलीस पाटील घरच्या झाडाची जास्वंद घेऊन आले. आणि त्या खेपेची मिळकत वाटताना तांडेलांनी एक वाटा त्या खलाशाचाही काढला. तेव्हापासून या घरात जे येईल त्यात पाहुण्याचा वाटा असतोच. वडील गेल्यावर हसनभाई गल्फला आले, वाटा चालूच राहिला.

मला इतकी शरम वाटली की काय सांगू. ज्याला मी ऐतखाऊ म्हणत होते, तो पंचवीसएक वर्षं कबरीत होता.

मागून आवाज आला, "उसके जेब में कुछ था?"

मिस रांग सोडून पुढे आल्या होत्या. छत्री दोन्ही हातांनी घट्ट धरलेली.

"होता ना," हसनभाई म्हणाले. "बाजा. तोंडानं वाजवायचा."

मिस तिथल्या एका भरलेल्या खोक्यावर बसल्या. मी पाणी दिलं. त्यांचा धाकटा भाऊ लिओ पाकिस्तानच्या हवाई दलात होता. युद्धात त्याचं विमान गेलं, तो बेपत्ता झाला. आई शेवटपर्यंत दार उघडं ठेवून झोपायची, कारण बेपत्ता म्हणजे मेला असं कोणी लिहून दिलं नव्हतं. लिओच्या खिशात कायम माउथऑर्गन असायचा.

"मिस," मी हळूच म्हटलं, "माउथऑर्गन पुष्कळांच्या खिशात असतो."

"मालूम है," त्या म्हणाल्या. त्यांनी पर्समधून कागद काढला, त्यावर काहीतरी लिहिलं, चार घड्या घातल्या आणि माझ्या हातात दिला. "हे उघडायचं नाही. हसनभाई, वो बाजा बजता है क्या?"

"ठाव नाय. लहानपणी हात लावला तर अम्मा मारायची. पाहुण्याची वस्तू म्हणायची. दर जुम्म्याला खोबरेल लावून पुसते."

"अम्माला सांगा, एकेक भोक फुंकायचं. डावीकडून. आणि मला ऐकवायचं."

आता ऐकवायचं कसं? फोनला मिनिटाला इतके पैसे पडायचे की काळीज लकलकायचं, आणि हसनभाईंच्या गावात फोन एकाच दुकानात. पण त्या काळात आम्हा गल्फवाल्यांची एक सोय होती, कॅसेटची. ज्यांना लिहिता येत नसे ते टेपरेकॉर्डरसमोर बसून पत्र बोलायचे आणि गावाहून येणाऱ्या कोणाच्या तरी हातून ती कॅसेट यायची. हसनभाईंनी अम्माला निरोप पाठवला. मी मिसची चिठ्ठी खोक्यांच्या चिकटपट्टीच्या खणात ठेवली आणि पुढचे सात आठवडे त्या खणाकडे बघत काढले. एकदा मोह झाला होता. कागद उजेडापुढे धरूनही पाहिला. घड्या चार होत्या, काही दिसलं नाही.

मिस रोज शाळा सुटल्यावर दुकानावरून जायच्या. आत यायच्या नाहीत, काचेतून माझ्याकडे बघायच्या. मी मान हलवली की छत्री उघडून पुढे जायच्या. मला भलतीच भीती वाटायला लागली होती. चिठ्ठीत लिहिलेलं त्या बाजातून निघालंच नाही तर? या बाईने पंचवीस वर्षं मिटून ठेवलेलं दार आपण उगाच उघडलं, आणि ते माझ्या भोचक प्रश्नामुळे.

जानेवारीत कॅसेट आली. एका शुक्रवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून आम्ही तिघं बसलो. मी टेपरेकॉर्डर वजनकाट्यावर ठेवला, कारण रिकामी जागा तेवढीच होती. आधी कोंबडा आरवला. मग अम्मांचा आवाज: "हसन, तब्येत सांभाळ. तेल संपलं. आता वाजवते. बिस्मिल्ला."

पहिला सूर आला, घोगरा, पण आला. मग दुसरा. अम्मांना दम लागत होता, मधे मधे थांबून त्या खोकत होत्या. तिसरा, चौथा, पाचवा. मग नुसती फुंकर ऐकू आली. अम्मांनी पुन्हा फुंकलं, जोरात. नुसता वारा. "यो बिघडलेला हाय," अम्मा म्हणाल्या आणि पुढे गेल्या. सातवा वाजला, शेवटपर्यंत सगळे वाजले.

मी चिठ्ठी उघडली. आत लिहिलं होतं, 'Number six from left.'

मिस हसायला लागल्या. मला वाटलं होतं रडतील, पण त्या आधी पोट धरून हसल्या, रडल्या नंतर. लहानपणी त्यांनी लिओच्या माउथऑर्गनमध्ये साखरेचा पाक ओतला होता, सूर गोड निघावा म्हणून. त्यातलं एक भोक कायमचं गेलं. लिओ गाणी वाजवताना मुद्दाम त्याच भोकावर थांबायचा आणि बहिणीकडे रोखून बघायचा. "त्याने मला कधी माफ केलं नाही," मिस म्हणाल्या, "थँक गॉड."

हसनभाईंनी टेप मागे घेतली आणि सहावं भोक पुन्हा लावलं. त्या सकाळी आम्ही ती फुंकर आठ-दहा वेळा तरी ऐकली असेल. मी तर आनंदाने शेजारच्या कॅफेटेरियातून सगळ्यांसाठी चहा आणि पराठे मागवले.

चहा पिता पिता हसनभाईंचा हात थांबला. आधी त्यांनी मिसच्या गळ्यातल्या क्रॉसकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला कळलं. पाकिस्तानचा म्हणजे मुसलमान, त्यात विचारायचं काय, असंच गावाने धरलं होतं. मीही धरलं होतं, वर्षानुवर्षं मिसचा पासपोर्ट पाहूनसुद्धा. आणि त्या धरण्यावर इतकी वर्षं पाहुण्याच्या नावाने फातेहाची दुवा पढली जात होती, दर ईदला नवी चादर चढत होती.

"मिस, गलती झाली," हसनभाई म्हणाले. "आम्ही त्याला आमच्यासारखा पुरला. अम्माला काय सांगू? जमातवाल्यांना काय सांगू?"

"हसनभाई," मिस म्हणाल्या, "माझ्या आईला एकच काळजी होती. त्याला कोणी पुरलं तरी असेल का, एवढीच."

पण हसनभाईंच्या जिवाला चैन पडेना. सांगावं तर अम्मांना धक्का बसायचा, न सांगावं तर मिसशी दगाबाजी. पंधरा दिवस त्यांनी इंजिनं उलटीपालटी जोडली. शेवटी मीच त्यांना टेपरेकॉर्डरसमोर बसवलं आणि म्हटलं, "बोला. यल्ला, चला लवकर." ते बोलले, रडत बोलले.

उत्तराची कॅसेट मार्चमध्ये आली. अम्मा आवाज चढवून बोलत होत्या. "त्यात रडतोस काय? पाहुण्याला आपण आपल्या घरी शिजतं तेच वाढतो. त्याच्या घरी काय शिजतं ते आमाला कुणी सांगितलंच नाय. जमातीला मी सांगितलं. मौलवी म्हणाले, दुवा काय पत्ता चुकत नाय. आता त्याच्या बहिणीला विचार, ह्याला सणाला काय लागतं. आणि नाव विचार. किती वर्सं नुसतं पाहुणा पाहुणा करायचं?"

सणाला काय लागतं, याचं उत्तर केक. तर त्या डिसेंबरात मिसने दोन केक केले, एक म्हापशाला, एक रायगडला. मी हळूच विचारलं, "मिस, मनुके कशात भिजवले?" शारजात दारू मिळत नाही हे मला माहीत होतं, पण कराचीच्या बायका काय करतील याचा भरवसा नाही. मिसने मला छत्रीने ढोसलं. "ऑरेंज ज्यूस! मी काय वेडी आहे?"

तो खोका मी बांधला. आयुष्यात एवढा नीट खोका मी बांधला नाही. केक पत्र्याच्या डब्यात, डबा टॉवेलात, टॉवेलाभोवती हसनभाईंची पांढरी चादर. हलवून कान लावला, आत पूर्ण शांतता. यादी मिसने स्वतःच्या हाताने लिहिली. अम्मा, एक शाल. आणि खाली: लिओ, ख्रिसमस केक.

मिसना स्वतःला तिथे जायचं होतं. व्हिसासाठी त्यांनी तीनदा अर्ज केला. तिसऱ्यांदा मिळाला तो म्हापशापुरता, कारण कोणत्या गावी कोणते नातेवाईक ते कागदावर दाखवावं लागतं, आणि खाडीकाठच्या त्या गावात मिसचं कागदावर कोणीच नव्हतं. त्या गोव्याला जाऊन मावशीला भेटून परत आल्या. याची मला अजून हळहळ वाटते. जग चालवणाऱ्यांना आमच्या दुकानात महिनाभर काउंटरला बसवायला हवं होतं. नंतर मी भारतात कायमची परतले तेव्हा मीच त्या गावी जाऊन आले. अम्मांनी मला तांदळाची भाकरी आणि सुरमईचं कालवण वाढलं, आणि बाजा दाखवला, हातात मात्र दिला नाही.

पण मी सांगत होते त्या पहिल्या केकबद्दल. फेब्रुवारीत त्या खोक्याची पावती परत आली. केकवर फातेहा पढून अख्ख्या आळीला वाटला, वेलची कमी पडली, असा अम्मांचा निरोप मागे लिहिलेला होता. मिस काउंटरपाशी उभ्या राहून तो वाचून हसत होत्या. मी सवयीने पावती उलटली आणि माझा आवडता रकाना वाचला. पाठवणार, फिलोमिना. घेणार, अम्मांचा अंगठा. 'घेणाऱ्याचं पाठवणाऱ्याशी नातं' यापुढे आमच्या माणसाने, अम्मांनी सांगितलं तसं, निळ्या शाईने लिहिलं होतं: आई.

मी पावती मिसच्या पुढे सरकवली. त्यांनी ती वाचली, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "ही कंपनीला परत द्यावी लागते का?"

नियमाने द्यावी लागते. अकरा वर्षांत माझ्या फाइलमधून गहाळ झालेली ती एकमेव पावती.